रॅम वाढवली आणि कॉम्प्युटर चालूच होईना! आता काय करायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी हातात खोडरबर घेऊन बसलेला दिसतो. धंदा शिकवणारा माणूस अचानक कॉम्प्युटर दुरुस्त करायला का लागला, असं वाटलं असेल. त्यामागची गोष्ट आधी सांगतो. व्हिडिओत घाईत राहून गेलेले दोन-तीन मुद्देही इथे सविस्तर लिहितो.

जानेवारीतली ९ तारीख. संध्याकाळी साडेसातला पौडहून आपल्या जुन्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. घरचा आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा इंद्रायणी, आंबेमोहर तांदूळ त्या एक किलो आणि पाच किलोच्या पिशव्यांत भरून विकतात. भूगाव-बावधनच्या सोसायट्या हे मुख्य गिऱ्हाईक, आणि पुण्यातल्या दोन दुकानांनाही माल जातो. उलाढाल चाळीस लाखांच्या बरीच आत आहे, तरी दुकानदारांना जीएसटीचं बिल लागतं म्हणून नोंदणी घेतलेली. लेबल लावलेल्या पिशवीबंद तांदळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, हे तुम्हाला माहीत असेलच.

"सर, रॅम टाकली आणि कॉम्प्युटर मेला. परवा जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख. सगळी बिलं त्यातच आहेत."

महिन्याचं रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरावा लागतो. तो वेळेत गेला नाही, तर १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये तुमची बिलं समोरच्या दुकानदाराला दिसत नाहीत, आणि त्याचं क्रेडिट महिनाभर पुढे जातं. मग तो म्हणतो, "आधी बिल दिसू दे, मग पेमेंट." लहान धंद्याला लेट फीपेक्षा हे जास्त जड जातं. म्हणून ताई घाबरल्या होत्या, आणि त्यांचं घाबरणं बरोबर होतं.

झालं होतं असं. मशीन म्हणजे सेकंडहँड घेतलेला ऑफिसचा डेस्कटॉप. चौथ्या पिढीचा आय३, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम. एक्सेल, व्हॉट्सॲप वेब आणि जीएसटीचं पोर्टल एकत्र उघडलं की माउसही हलायचा नाही. रॅम वाढवायचा निर्णय चुकीचा नव्हता. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर दिसत असेल तर रॅम वाढवून फरक पडतो. (तिथे मेमरी निम्मी आणि डिस्क मात्र १०० टक्के दिसत असेल, तर रॅमवर पैसे घालू नका, एसएसडी घ्या.) त्यांनी ऑनलाइन ८ जीबीची पट्टी मागवली, इतरांपेक्षा बरीच स्वस्त. भाच्याने ती बसवली. बटण दाबलं तर पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, आतून बीप-बीप. नवीन पट्टी काढली, जुनी परत घातली, तरी काळी. भाच्याने कुठेतरी पाहून बोर्डावरचा गोल सेल काढून परत बसवला. तरीही काळी. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, बोर्ड गेला, नवीन मशीन बघा.

त्या माणसाला मी दोष देत नाही. फोनवर मशीन दिसत नाही आणि "बोर्ड गेला" हे सगळ्यात सोपं उत्तर असतं. पण त्या उत्तराची किंमत वीस-पंचवीस हजार असते. त्यामुळे ते मान्य करण्याआधी आपण अर्धा तास द्यायचा.

शेवटचा बदल उलटा करा, पण पूर्ण उलटा

कालपर्यंत चालणारं मशीन आज बंद पडलं, तर मधे काय बदललं ते आधी बघायचं. इथे उत्तर समोरच होतं. पण ताईंनी बदल उलटा केला तो अर्धवट. जुनी पट्टी परत घातली खरी, पण ती दुसऱ्याच स्लॉटमध्ये, आणि पूर्ण दाबली नव्हती. रॅमला चांगला जोर लावावा लागतो. बोर्ड तुटेल या भीतीने घरचा माणूस हलकेच ठेवतो आणि पट्टी अर्धी वर राहते. दोन्ही टोकांचे खटके आपोआप वर येऊन "टक" असा आवाज आला, तरच ती बसली. काही बोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो, तिथे दुसरी बाजू डोळ्याने तपासा.

मी त्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. आधी भिंतीवरचं बटण बंद, वायर काढली, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवलं, सतरंजीवर नाही. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घालायचा. जानेवारीच्या कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज रॅमची चिप मारू शकते, आणि आपल्याला झटकाही जाणवत नाही.

मग मी त्यांना सगळी रॅम काढून मशीन चालू करायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "रॅमशिवाय कसं चालेल?" चालणार नाहीच, पण ओरडेल. एकही पट्टी नसताना बोर्डाने बीप दिले, तर बोर्ड आणि प्रोसेसर निदान "माझ्याकडे रॅम नाही" एवढं सांगण्याइतके जिवंत आहेत. बीप वाजले. बोर्ड गेलेला नव्हता! ताईंचा चेहरा तिथेच बदलला.

तुमच्या मशीनमध्ये बीप वाजतच नसेल, तर घाबरू नका. बऱ्याच असेंबल केलेल्या मशीनमध्ये तो छोटा स्पीकर लावलेलाच नसतो. काही ब्रँडेड मशीनवर पॉवरचा दिवा पिवळा लुकलुकतो, आणि नवीन बोर्डांवर रॅमसाठी वेगळा लहान दिवा असतो. कोणत्या कंपनीच्या कोणत्या बीपचा अर्थ काय, हे पाठ करू नका. मॉडेलचा नंबर टाकून त्याच कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

आता खोडरबर. पावसाळ्यात आपल्याकडे काय होतं ते मुळशीकरांना सांगायला नको. पौडच्या पुढे ताम्हिणीकडे जाल तसं चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. ती दमट हवा कॅबिनेटमध्येही शिरते आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर चढतो. पट्टी जागची हलवली नाही तोवर चालत राहते. एकदा काढून घातली की कॉन्टॅक्ट बसत नाही. पांढऱ्या मऊ खोडरबराने त्या सोनेरी पट्ट्या दोन्ही बाजूंनी हलकेच पुसा. शाईचा खरखरीत खोडरबर अजिबात नको, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. भुगा ब्रशने पूर्ण झटका. स्लॉटमध्ये काहीही खुपसू नका आणि तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब जातात.

जुनी पट्टी पुसून, मूळ स्लॉटमध्ये, टक आवाज येईपर्यंत दाबली. मशीन चालू झालं. घड्याळात पावणेनऊ.

तुमच्याकडे इथेही काळी स्क्रीन राहिली, तर रॅम बसवताना हाताचा धक्का कशाला लागला ते बघा. प्रोसेसरजवळची चार पिनांची वायर, हार्ड डिस्कची वायर, मागची मॉनिटरची वायर. छोट्या कॅबिनेटमध्ये हात घालताना यातलं काहीतरी सैल होतंच.

आधी फोल्डर, मग बाकी सगळं

मशीन सुरू झाल्याबरोबर भाचा नवीन पट्टी हातात घेऊन तयार! मी म्हटलं, थांब. आधी पेन ड्राइव्ह. बिलांचं फोल्डर, उधारीची शीट, लेबलच्या फाइल, सगळं कॉपी झाल्यावरच पुढचं. जे मशीन एकदा अडलंय ते परत अडू शकतं, आणि आपल्याला मशीन नाही, त्यातली बिलं वाचवायची आहेत.

कॉपी झाली, ताईंनी पोर्टल उघडलं आणि नवीनच तमाशा. ब्राउझर म्हणतो, कनेक्शन सुरक्षित नाही. त्यांना वाटलं व्हायरस. खरं कारण तो गोल सेल, सीआर२०३२. तो काढल्यावर मशीनची तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती, आणि तारीख चुकीची असली की ब्राउझर सुरक्षित वेबसाइटवर विश्वास ठेवत नाही. तारीख दुरुस्त केली, पोर्टल उघडलं. त्या मधल्या पाच मिनिटांत बिल बनवलं असतं, तर त्यावर जुन्या सालातली तारीख आली असती!

सेल काढणं हा उपाय वाईट नाही. बायोसच्या सेटिंग्ज मूळ जागी येतात आणि कधीकधी त्यानेच मशीन सुरू होतं. पण तो पहिला उपाय नाही, कारण तारखेबरोबर दुसऱ्या सेटिंगही बदलतात. हार्ड डिस्कचा मोड एएचसीआय वरून दुसरा झाला, तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून थांबतं आणि आपण रॅमला शिव्या देत बसतो. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर बिटलॉकर चालू असेल तर तो रिकव्हरी की मागू शकतो. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का, हे स्क्रू खोलण्याआधी बघून ठेवा.

१० तारखेला दुपारी ताईंचा जीएसटीआर-१ गेला. नवीन रॅम तोपर्यंत डब्यातच होती.

स्लॉटमध्ये बसते, तरी चालत का नाही?

नवीन पट्टी एकटी लावून बघितली, फक्त बीप. मग ऑनलाइनचं पान परत नीट वाचलं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, फक्त एएमडीसाठी. ८ जीबीच्या स्वस्त डीडीआर३ पट्ट्यांमध्ये असा एक प्रकार मिळतो. त्यातल्या चिपची मांडणी जुन्या एएमडी बोर्डांना समजते, इंटेलला नाही. दिसायला तीच, खाच तीच, २४० पिना त्याच. मात्र इंटेलच्या मशीनमध्ये ती मुकी. पट्टी खराब नव्हती, ती दुसऱ्या घरची होती! परतीची मुदत बाकी होती म्हणून पैसे मिळाले.

म्हणून खरेदीआधी बघायच्या गोष्टी. पिढी: डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघांनाही २८८, पण प्रत्येकाची खाच वेगळ्या जागी. खाच जुळत नसेल तर जोर लावू नका, तिथे जोराने फक्त नुकसान होतं. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती डेस्कटॉपला बसत नाही. बोर्ड एकूण किती रॅम घेतो: एच८१ ची मर्यादा १६ जीबी, म्हणजे प्रत्येक स्लॉटला ८. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वर टाकलेली रॅम वापरलीच जात नाही. हे सगळं नको वाटत असेल, तर जुन्या पट्टीच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो काढा आणि दुकानदाराला म्हणा, हिच्यासारखीच द्या, नाही चालली तर बदलून द्या. हे शेवटचं वाक्य बिलावर लिहून घ्या.

ज्यांच्याकडे डीडीआर५ चं नवीन मशीन आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मशीन नवीन रॅमची ओळख करून घेत असतं. चहा टाका, बटण परत परत दाबू नका. आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू असेल तर आधी ते बंद करून बघा.

नवीन रॅमसाठी बायोस अपडेट करा, असाही सल्ला मिळेल. कधीकधी तो बरोबर असतो. पण अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड खरंच जाऊ शकतो. मुळशी धरणाच्या पाण्यावर खाली भिऱ्याला गेली जवळजवळ शंभर वर्षं वीज तयार होतेय, पण आपल्याकडे पावसात ती कधी जाईल याचा नेम नाही. यूपीएस नसेल तर बायोसला हात लावू नका.

अर्धवट चालणारी रॅम

पुण्याला बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून ताईंनी वापरलेली ४ जीबीची पट्टी आणली. मशीन लगेच सुरू, ८ जीबी दिसतेय, सगळं झटपट. १२ तारखेला त्यांनी मला हात जोडल्याचा इमोजी पाठवला. मलाही वाटलं, संपलं. इथे चूक माझी. टेस्ट करून घ्या म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही.

१५ तारखेला मशीन आपोआप रिस्टार्ट झालं. संध्याकाळी निळी स्क्रीन. रात्री उधारीची एक्सेल शीट उघडेना, फाइल खराब आहे म्हणे. सत्तर-ऐंशी घरांची उधारी त्या एका शीटमध्ये.

बंद पडलेला कॉम्प्युटर फक्त काम थांबवतो. खराब रॅमचा चालू कॉम्प्युटर काम बिघडवतो, तेही गुपचूप. तुम्ही टाइप केलेला आकडा आधी रॅममध्ये जातो आणि तिथून डिस्कवर. रॅममध्येच तो बदलला, तर डिस्कवर चुकीचाच जाणार, आणि कॉम्प्युटर काही बोलणार नाही. ताईंची फाइल उघडलीच नाही, हे मी नशीब समजतो. उघडली असती आणि एखाद्या घरची १,४५० ची उधारी भलतीच झाली असती, तर कुणाला कळलं असतं?

म्हणून नवीन रॅम टाकल्यावर, मशीन कितीही छान चाललं तरी, त्या रात्री टेस्ट लावायचीच. विंडोजमध्ये स्टार्ट मेनूत "विंडोज मेमरी डायग्नोस्टिक" शोधा, ते रिस्टार्ट करून तपासतं. पण माझा भरवसा मेमटेस्ट८६ वर आहे. ते फुकट मिळतं, पेन ड्राइव्हवर टाकायचं आणि मशीन त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं. पूर्ण टेस्टला काही तास लागतात, झोपायच्या आधी लावून द्या. मध्ये लाईट गेली तर काही बिघडत नाही, परत लावा. सकाळी चुकांचा आकडा शून्यच हवा. "दोनच चुका आहेत, चालेल" असं इथे नसतं.

ताईंकडे पाऊण तासात लाल ओळी आल्या. मग एकेक पट्टी वेगळी तपासली, एकाच स्लॉटमध्ये. जुनी स्वच्छ, आणलेली खराब. चांगली पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्येही लावून बघितली, म्हणजे स्लॉटवरचा संशयही गेला. दुकानदाराने लाल ओळींचा फोटो बघितला आणि न बोलता पट्टी बदलून दिली. फोटो नसता तर "आमच्याकडे तर चालत होती" हे ऐकावं लागलं असतं.

उधारीची शीट कुठून मिळाली? पेन ड्राइव्हवरून. ९ तारखेची एक कॉपी आणि १२ ची एक. इथे एक सापळा आहे. ताईंनी रोज त्याच फोल्डरवर नवीन कॉपी चढवली असती, तर १५ तारखेची खराब फाइल चांगल्या फाइलवर बसली असती आणि बॅकअप असूनही नसल्यासारखा झाला असता. म्हणून रोज तारखेच्या नावाचं वेगळं फोल्डर करा आणि निदान पंधरा दिवसांची फोल्डरं ठेवा. मधल्या तीन दिवसांची उधारी त्यांनी डिलिव्हरीच्या वहीवरून परत भरली. वही होती, म्हणून!

आता पैशांचं बोलू. समजा तुमची दिवसाला दहा बिलं होतात, सरासरी ६०० रुपयांची. विक्री ६,०००. मार्जिन २० टक्के धरलं तर १,२०० रुपये. कॉम्प्युटर बंद असताना विक्रीही बंद राहिली, तर रोज जातात ते हे १,२००, सहा हजार नाहीत. पण विक्री बंद ठेवायचं कारणच नाही. जीएसटीत हाताने लिहिलेलं बिल चालतं, आणि बिलांच्या एकापेक्षा जास्त मालिका ठेवता येतात, फक्त प्रत्येक मालिकेत नंबर ओळीने हवेत. वेगळ्या मालिकेचं एक छापील बिलबुक कपाटात असू द्या. ते दोन-तीनशे रुपयांत होतं. ताईंकडे नव्हतं, आता आहे.

मशीन बदलायचं की नाही, यावर आम्ही पुन्हा बोललो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे हे मशीन कधीतरी बदलावं लागणारच. पण पुढच्या हंगामाचे पैसे हातात आल्यावर, आपल्या सोयीने. ९ जानेवारीच्या रात्री कुणीतरी घाबरवलं म्हणून नव्हे.

ताईंच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवलेला आहे. बोर्डाचं नाव, जास्तीत जास्त किती रॅम, कोणती पट्टी कोणत्या स्लॉटमध्ये, कधी बसवली, बिलाचा फोटो कुठे आहे. अक्षर भाच्याचं आहे. खाली त्याने स्वतःहून लिहिलंय, "सेल काढू नये."

या शनिवारी पिरंगुटच्या बैठकीला येताना एक रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन या. मेमटेस्ट त्यावर टाकून देतो. ज्यांचं मशीन सेकंडहँड आहे, त्यांनी रॅम वाढवलेली नसली तरी आणा.